चौकोनी कंसात शब्द, गोल कंसात पत्ता

३ फेब्रुवारी

आजपासून मी मॉडरेटर. घरी मासे पाळणाऱ्यांचा आमचा फोरम ज्यांनी सुरू केला, त्यांना सगळे मालकच म्हणतात. त्यांचा सकाळी निरोप आला की आता त्यांना वेळ होत नाही, तेव्हा पोस्टी तपासायचं, पुसायचं आणि गरज पडली तर लोकांना गप्प बसवायचं काम तुम्ही घ्या. मी चहाचा कप खाली ठेवून वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पगार किती?" पगार नाही म्हटल्यावर त्या पुन्हा भाजी चिरायला लागल्या.

दादा गेल्यापासून या घरात आम्ही दोघीच. त्या मला वन्सं म्हणतात, मी त्यांना वहिनी. एकमेकींना अहो-जाहो करत असल्यामुळे आमचं भांडण कधी फार पुढे जात नाही. दिवसभर मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. लोकांची तोंडं मला माहीत आहेत ती फक्त प्लास्टरमधली. तिथे माझ्या डोक्यावर साहेब, साहेबांच्या डोक्यावर डॉक्टर आणि डॉक्टरांच्या डोक्यावर पेशंट. फोरमवर आता माझ्या डोक्यावर कुणीच नाही. हे इथेच लिहिते, मोठ्याने म्हटलं तर वाईट दिसेल.

बातमी सगळ्यात आधी शेवाळला कळवली. हे त्याचं फोरमवरचं नाव. खरं नाव मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याला साधी लिंक टाकता येत नव्हती. सगळं मी शिकवलं. आज त्याच्यासारखी नीटनेटकी पोस्ट कुणाची नसते. गोदामात पॅकिंगचं काम करतो, भाड्याच्या खोलीत एकटा राहतो. वडिलांनी भांडणात त्याची माशांची टाकी उचलून अंगणात ओतली, मासे डोळ्यांदेखत तडफडले, आणि हा त्याच दिवशी घराबाहेर पडला. फोनचा नंबरही बदलून टाकला. मला एकदा म्हणाला होता, "आता घर म्हणजे हा फोरमच, मॅडम." ते वाक्य मी जपून ठेवलंय आणि अधूनमधून काढून वाचते. त्याला आजच माझा मदतनीस नेमलं.

५ फेब्रुवारी

पहिला नियम लावला. गेल्या महिन्यात कुणी तरी 'माशांचं औषध स्वस्तात' म्हणून लिंक टाकली, आमच्या भोळ्या मंडळींनी ती उघडली आणि त्यांची खाती गेली. शिवाय हातभर लांब पत्ते पोस्टीत पसरले की फोनवर पानाचं पार धिरडं होतं.

म्हणून यापुढे उघडी लिंक चालणार नाही. चौकोनी कंसात शब्द लिहायचे, त्याला चिकटून गोल कंसात पत्ता, मध्ये जागा सोडायची नाही. मग पत्ता लपतो, शब्द तेवढे निळे दिसतात, आणि त्यांवर बोट ठेवलं की पान उघडतं. शब्द मोजके हवेत आणि पलीकडे काय आहे ते सांगणारे हवेत. 'इथे क्लिक करा' लिहिणाऱ्याची पोस्ट पुसणार. कहाण्या, आर्जवं, विनवण्या नकोत. तीनदा चुकलं की आठवडाभर तोंड बंद. आणि अनोळखी लिंक मॉडरेटर स्वतः उघडणार नाहीत, आम्ही फक्त रूप बघणार.

शेवाळने लिहिलं, "मॅडम, तुम्ही शाळेत शिकवायला हवं होतं." हरभऱ्याच्या झाडावर चढवतो मला. चढते मी.

९ फेब्रुवारी

लॅबमध्ये एक कवळी परत आली. बाईंना चावताना दुखतं म्हणे. मी माप पुन्हा तपासलं, माझं काम चोख होतं. साहेबांना सांगितलं, कवळी बरोबर आहे, तोंड चुकलंय. ते हसले. मी गंमत करत नव्हते.

फोरमवर पुष्कळ पुसापुशी केली. एक अगदीच नवखा निघाला. नाव निवडायचं असतं हेही त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून यंत्राने दिलेलं 'सदस्य १८४०' हेच नाव तसंच ठेवलेलं. लिहिलं होतं, "नमस्कार. माझा मुलगा इथे येत असतो. त्याच्या आईचं बोलणं आहे. त्याने ऐकावं." खाली नागडा पत्ता, तीन ओळींचा. कुणाच्या नजरेला पडण्याआधी मी पुसला. हात बसलाय आता.

१२ फेब्रुवारी

१८४० ने दिवसभर करमणूक केली. आधी दोन कंसांच्या मध्ये एवढी जागा सोडली की दोघांचं जणू बोलणं बंद आहे. पुसलं. मग त्याने अख्खं रडगाणं चौकोनी कंसात कोंबलं: बाळा तू जिथे असशील तिथून आईचं एकदा ऐक, मी हात जोडतो, वगैरे वगैरे. वरपासून खालपर्यंत सगळी पोस्ट निळी. तीन चुका झाल्या, तोंड बंद केलं.

पण एवढा चांगला नमुना वाया घालवणं जिवावर आलं. 'हे असं करू नका' असा एक फळा सुरू केला आणि त्यावर ती पोस्ट लावली. अर्थात कुणाचं घरगुती चव्हाट्यावर मांडणाऱ्यांतली मी नाही. त्याचे शब्द काढून तिथे नुसत्या रेघा टाकल्या, नावही झाकलं. खाली लिहिलं, "एका वयस्कर सदस्याचा प्रयत्न." लोकांनी हसून हसून पोट धरलं. शेवाळची प्रतिक्रिया सगळ्यांना आवडली: "ही लिंक नाही, पडदा आहे. कुणाचे वडील आहेत हे? कुणी तरी येऊन घरी घेऊन जा."

मीही हसले. वहिनींनी विचारलं काय झालं, तर त्यांना समजावून सांगताना गंमत निघून गेली.

१८ फेब्रुवारी

तोंड बंद असलेल्या माणसाला फक्त मॉडरेटरला खासगी निरोप पाठवता येतो. १८४० चा आला. भलामोठा. लक्षात राहिला तेवढा उतरवते.

"मॅडम, मी ग्रिल-शटरचं वेल्डिंग करतो. बोटं जाड झालीत, फोनवर कंस सापडत नाहीत, माफी असावी. मुलगा रागावून गेला, चूक माझी होती. त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर तुमचं पान जपून ठेवलेलं सापडलं, म्हणून वाटलं की तो इथे येत असेल. इथे काय नाव लावतो ते माहीत नाही. त्याची आई दवाखान्यात आहे. घशात नळी घालायची होती, त्यानंतर बोलता येणार नव्हतं, म्हणून नर्सबाईंनी आधीच त्यांच्या फोनवर तिचं बोलणं भरून घेतलं, कुठे तरी चढवलं आणि मला पत्ता पाठवला. माझ्याकडे तेवढा पत्ताच आहे. तिथे लिहून येतंय की हे महिनाभरच राहील. आता नळी घातली, त्यामुळे दुसऱ्यांदा बोलणं होणार नाही. ती रोज खुणेने विचारते, त्याने ऐकलं का."

मी उत्तर दिलं: "सदस्यांची माहिती देता येत नाही. लिंक नियमाप्रमाणे असेल तर राहील. मदतीचं पान वाचावं." रागाने नाही लिहिलं. दवाखाना म्हटलं की नियम वितळतात अशी काही लोकांची समजूत असते. औषधवाल्या भामट्यानेही आजारी आईचंच नाव सांगितलं होतं.

२० फेब्रुवारी

शेवाळने त्याच्या नव्या टाकीचे फोटो टाकले. प्रत्येक फोटोची वेगळी लिंक, प्रत्येकीला नेमके शब्द. नजर लागावी असं काम. मी सगळ्यांना सांगितलं, बघा आणि शिका.

१ मार्च

घरात महाभारत झालं. तोंडून निघालेलं सगळं लिहीन असं नाही, पण जमेल तेवढं लिहिते.

मी लॅबमधून आले तर वहिनी डोळे पुसत बसलेल्या. टॅबवर त्या रेसिपी बघतात. मी सकाळी फोरमची पुसलेल्या पोस्टींची टोपली उघडीच ठेवून गेले होते. त्यांचं बोट १८४० च्या त्या नागड्या पत्त्यावर लागलं आणि आवाज सुरू झाला. त्यांनी पुन्हा पुन्हा ऐकलं असावं, कारण सगळं पाठ म्हणून दाखवलं.

"ती बाई दम लागत लागत बोलतेय, वन्सं. म्हणते, बाळ्या, बाबांनी टाकी ओतली त्याचं त्यांना फार लागलंय. अंगणात त्या जागेवर ते अजून पाय ठेवत नाहीत. एक मासा मी वाटीत उचलला होता रे, तुला सांगायचं राहिलं. तो जगला. चांगला मोठा झालाय. तू ये, बघून जा."

मी हातपाय धुवायला गेले. परत आले तरी त्या तिथेच.

"तुमच्या त्या शेवाळची टाकीसुद्धा वडिलांनीच ओतली होती ना?"

"माशांवरून भांडणं घरोघरी होतात, वहिनी. जगात टाकी ओतणारा बाप काय एकच आहे?"

"त्याला विचारायला काय जातं?"

काय जातं ते मला माहीत आहे, पण त्यांना नाही सांगितलं. म्हटलं, "त्याच्या खासगी आयुष्यात मी नाक खुपसत नाही."

"मग निदान ती लिंक तुम्हीच नीट करून लावा. तुम्हाला मिनिटभर लागेल."

"एकाचं केलं की सगळ्यांचं करावं लागतं."

त्या उठल्या. ताट वाढून स्वतःच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. दादा होता तेव्हाही त्या इतक्या चिडलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. दादाला कधी कधी पाहिलं होतं, पण तो पुरुष होता, त्याचं चालून जायचं.

२ मार्च

डोक्यात भुंगा. प्लास्टर कालवताना पाणी जास्त झालं, साचा वाया गेला, साहेबांनी बघितलं.

जेवणाच्या सुट्टीत शेवाळची खिडकी उघडून लिहिलं, "तुझी आई कशी आहे रे?" पाठवायच्या आधी पुसलं. तेवढ्यात त्याचाच विनोद आला, गोगलगायीबद्दल काही तरी. इतका खुशीत होता. बसलेली घडी कशाला मोडायची. आणि समजा आई त्याची नसलीच, तर बिचाऱ्याला उगाच घोर. आणि असली, तर तो जाईल. गेलेली मुलं आईच्या बिछान्यापाशी बसली की परत फोरमवर येऊन गोगलगायीचे विनोद सांगत नाहीत. मला भीती वाटते, हे खरं आहे. पण भीती वाटते म्हणून मी काही केलं असं नाही, मी नियम पाळला.

टॅबचा पासवर्ड बदलला. वहिनींना रेसिपी लागली तर मी उघडून देईन.

७ मार्च

१८४० चं तोंड कधीच मोकळं झालं होतं, पण तो आज उगवला. आता थेट पोस्ट न टाकता विचारून करतो म्हणाला. मला बरं वाटलं, माणूस वळणावर येतोय. त्याला सरावाच्या खोलीत पाठवलं. तिथे काही टाकलं तरी बाकीच्यांना दिसत नाही, फक्त शिकणारा आणि शिकवणारा. बजावून सांगितलं की सरावासाठी आमच्या मदतीच्या पानाचाच पत्ता वापरायचा आणि तिथे घरगुती बोलणं अजिबात नको.

सुरुवातीला कंसच उलटे. मग चौकोनी कंसात पत्ता आणि गोल कंसात शब्द. मग शेवटचा कंस बंद करायचं राहिलं. मी प्रत्येक वेळी नुसतं 'पुन्हा' लिहीत होते, त्याशिवाय हाताला वळण लागत नाही. मध्येच तो लिहायचा, "आतून बोलावतायत मॅडम, आलोच," आणि गायब. परत आला की पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी एकदा जमलं. पण शब्द होते 'आईचं ऐक बाळा'. मी सांगितलं, हे आर्जव झालं, चालणार नाही.

"मग काय लिहू, मॅडम?"

"पलीकडे काय आहे ते लिहा."

"आई आहे."

"मग तसंच लिहा. पण आत्ता नको, आधी सराव पक्का होऊ द्या."

हो म्हणाला. एवढ्यासाठी उगाच एवढे दिवस घालवले त्याने.

१० मार्च

लॅबमध्ये कामाचा ढीग. डॉक्टरांच्या मेहुण्याची कवळी, म्हणजे जगबुडी. १८४० सरावाला येऊन बसणार होता आणि मला श्वास घ्यायला सवड नव्हती. शेवाळची आज सुट्टी होती. त्याला सांगितलं, तू घे त्याचा वर्ग.

सांगून टाकलं आणि मग लक्षात आलं. दोघांना एका खोलीत बसवलंय. मेण तापवताना बोट भाजून घेतलं. घरी येऊन पर्स खांद्यावर तशीच ठेवून त्यांचं सगळं बोलणं वाचलं.

काही नाही. आदर्श वर्ग. १८४० ने घरगुती एक अक्षर काढलं नव्हतं, माझं ऐकलं होतं. शेवाळ कडक होता, माझ्यावर गेलाय. "काका, लहान मूलसुद्धा एवढ्यात शिकतं." "काका, डोळे उघडे ठेवून लिहा." "काका, तुमच्या मुलाने काही शिकवलं नाही वाटतं तुम्हाला?" त्यावर १८४० ने लिहिलं होतं, "शिकवत होता. मीच शिकलो नाही." शेवाळने त्यावर दात काढणारं चित्र टाकलं आणि पुढचा सराव दिला. माझा जीव भांड्यात पडला.

नंतर शेवाळने लिहिलं, "मॅडम, म्हातारा बरा आहे. चुकला की 'माफ करा साहेब' म्हणतो. मला आजवर कुणी साहेब म्हटलं नव्हतं. गोदामात तर नावानेही हाक मारत नाहीत."

वहिनींना सांगायचा मोह झाला की बघा, दोघं दोन तास समोरासमोर होते, बाप-लेक असते तर ओळखलं नसतं का? पण त्या हल्ली माझ्याशी मिठापुरतं बोलतात.

१६ मार्च

१८४० चा पत्ता नाही. शेवाळ दोनदा विचारून गेला, "आपले काका आले नाहीत?" आपले काका म्हणे. मी म्हटलं, अशी माणसं कंटाळून सोडून देतात.

२१ मार्च

आला. आणि काय लिंक टाकली म्हणून सांगू. चौकोनी कंसात दोनच शब्द: आईचा आवाज. त्याला चिकटून गोल कंस, आत पत्ता, कुठे जागा नाही, काही सांडलेलं नाही. वर खाली एकही वाक्य नाही, नमस्कारसुद्धा नाही, जसं मी सांगितलं होतं अगदी तसं. पांढऱ्या पानावर दोन निळे शब्द. मी लॅबमध्ये खुर्चीवरून उठून उभी राहिले. त्या माणसाला शिकवण्यात आम्ही दोघांनी किती जीव टाकला होता. पोस्ट मंजूर केली, शिवाय मदतीच्या पानावर नमुना म्हणून लावावी असं ठरवलं.

तासाभरात शेवाळचा निरोप: "मॅडम, काकांनी नाव काढलं आपलं. म्हणून कौतुकाने नियम मोडून उघडली, तर पलीकडे काहीच नाही. 'ही फाइल आता उपलब्ध नाही' एवढंच येतंय. लिंक सुंदर आहे पण रिकामी आहे. काढून टाकू?"

महिना उलटून गेला होता. मला लक्षात यायला हवं होतं, आलं नाही. की आलं होतं, माहीत नाही. रिकाम्या लिंका ठेवायच्या नाहीत हा नियम मीच केलेला.

मी लिहिलं, "काढ." त्याने काढली. कारणाच्या जागी त्याने लिहिलं, "पलीकडे काही नाही." नेमके शब्द. पोरगं तयार झालं.

२२ मार्च

१८४० चा निरोप. हा तसाच्या तसा उतरवते, म्हणजे पुढेमागे कुणी मला बोल लावला तर जवळ असेल.

"मॅडम, नमस्कार. मुलाची आई मागच्या आठवड्यात गेली. शेवटी शेवटी बोटाने हवेत कंस काढून दाखवायची आणि हसायची, मी इतका सराव करायचो तिच्याजवळ बसून. तिला म्हणालो होतो, नीट करून लावीन, म्हणून काल लावलं. आज बघितलं तर पोस्ट दिसत नाही, काही तरी पुन्हा चुकलं असेल. आता राहू दे. त्याचा जुना कॉम्प्युटर आज भंगारवाल्याला दिला, घरात बघवत नव्हता. माझं खातं बंद करावं ही विनंती. आणि ज्या साहेबांनी मला शिकवलं त्यांना माझा नमस्कार सांगा. दटावून शिकवत होते, पण कंटाळले नाहीत. माझा मुलगा असाच होता."

खातं बंद केलं. नमस्कार सांगायचा राहिला.

वहिनींनी विचारलं, "त्या बाईचं काय झालं हो?" मी म्हटलं, कोणती बाई. त्यांनी चहाचा गॅस बंद केला. मग म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही आजारी पडलात तर मी करीन तुमचं सगळं. पण त्याच्यापुढे आता माझ्याकडून काही मागू नका." एवढं बोलून त्यांनी माझा चहा माझ्यापुढे ठेवला आणि स्वतःचा घेऊन गॅलरीत गेल्या. मला रडू आलं. कशाचं ते कळलं नाही. माझी एकही पोस्ट नियमाबाहेर नव्हती.

३० मार्च

शेवाळने खासगीत विचारलं, थोडं घरगुती बोललं तर चालेल का. मी म्हटलं, तुला चालेल.

"मॅडम, त्या काकांना शिकवल्यापासून घर सारखं डोक्यात येतंय. बाबांना फोन करायला तोंड नाही. पण घरी माझा जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर फोरमचं पान ठेवून आलोय. आईला एवढंच उघडता येतं. ती अधूनमधून बघत असणार, मी तिला ओळखतो. तिच्यासाठी माझ्या टाकीचा व्हिडिओ टाकावा म्हणतो. तिला पत्ते-बित्ते कळत नाहीत, पण निळे शब्द दिसले तर ती बोट ठेवून बघणारच. करून ठेवलीय लिंक, तुम्ही एकदा तपासता?"

मी तपासली. चौकोनी कंसात लिहिलं होतं: आई, हे माझे मासे.

काही तरी लिहायला हवं होतं, आणि काय लिहायला हवं ते मला येत होतं. पुसलेल्या पोस्टींची टोपली समोर होती, त्यातली १८४० ची पहिली पोस्ट उघडून त्याला दाखवली असती तरी पुरलं असतं. मग तो माझ्याशी पुन्हा कधीही बोलला नसता. या फोरमवर मला विचारणारा दुसरा कोण आहे? घरात कोण आहे?

मी लिहिलं, "'आई' काढ. हाक मारणं नियमात बसत नाही. पलीकडे काय आहे तेवढंच ठेव."

त्याने लगेच काढलं. माझे मासे, दोनच शब्द, निळे, स्वच्छ. मी मंजूर केली.

"थँक्यू मॅडम. आई उघडेल ना?"

मी लिहिलं, उघडेल.